बी पेरण्याआधी मांडव
नवशिक्या भाजी-उत्पादकाने वेलींच्या आधाराची निवड व जुळवाजुळव कशी करावी

मृगाचा पहिला पाऊस पडला की परसात दोन-चार वेली लावण्याची चाल महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत जुनी आहे. दोडक्याचे चार दाणे, कारल्याचे दोन आळे, कुंपणाशी घेवडा, एवढी लागवड ज्या घरात होत नाही असे घर विरळा. परंतु बियाणे निवडताना जी चोखंदळ दृष्टी वापरली जाते, ती वेलीच्या आधाराबाबत क्वचितच दिसते. बी रुजते, वेल हातभर वाढते, तणावे हवेत चाचपडू लागतात आणि मग घरातील कोणी तरी हाताशी येतील त्या काठ्या आणून रोवतो. आषाढ निभावतो. श्रावणात वेल भरते, फळे लोंबू लागतात, आणि एखाद्या रात्री झड व वारा एकदम येऊन सगळा डोलारा आडवा होतो. सकाळी तो उचलू जावे तर खोडे बुडापाशी पिरगळलेली असतात. उचललेली वेल बहुधा चार दिवसांत सुकते, आणि दोन महिन्यांची राखण नेमक्या तोडणीच्या वेळी वाया जाते.

असा अनुभव पहिल्याच वर्षी आलेला माणूस पुढच्या वर्षी भाजी लावण्यास सहसा धजत नाही. म्हणून नवशिक्याच्या बागेत मांडव ही दुय्यम बाब मानणे बरोबर नाही. कोणती वेल, तिला कोणता आधार, आणि तो कोणत्या सामानाचा, हे तीन प्रश्न बी मातीत पडण्याआधीच सोडविले पाहिजेत.

वेल कशी चढते हे प्रथम पाहावे

सर्व वेली एकाच रीतीने चढत नाहीत. दोडका, घोसाळे, कारले, पडवळ, काकडी, दुधी भोपळा व तोंडले यांना तणावे असतात. बारीक सुतळी, तार वा काटकी मिळाली की तणावा तिला वेढे घालून वेल ओढून धरतो. मनगटाएवढ्या जाड खांबाला मात्र हे कोवळे तणावे मिठी घालू शकत नाहीत. म्हणून अशा वेलींसाठी नुसते जाड डांब रोवून काम भागत नाही. डांबांच्या मध्ये बारीक सुतळीची वा कामट्यांची वीण असावी लागते.

चवळीच्या वेलीच्या जाती, वाल व वेल-घेवडा यांची तऱ्हा निराळी. त्यांचे खोडच आधाराभोवती पिळे घेत वर जाते. त्यांना उभी काठी वा उभी दोरी पुरते. आडव्या विणीचा त्यांना फारसा उपयोग नाही.

टोमॅटो ही तर मुळी वेलच नव्हे. त्याला तणावेही नाहीत आणि पिळे घेण्याची सवयही नाही. फळांच्या भाराने ते लोळू लागते. त्याला काठी देऊन हाताने बांधावे लागते, व वाढेल तसतसे पुन्हा बांधावे लागते.

लाल भोपळा व कलिंगड यांच्या वेली जमिनीवर पसरू देण्याचीच सर्वत्र रीत आहे. त्यांच्यासाठी मांडवाचा खर्च करू नये. पावसाळ्यात फळाखाली वाळलेला पालापाचोळा वा गवत घातले म्हणजे फळ ओल्या मातीला टेकून सडत नाही.

ताटी की मांडव?

उभ्या भिंतीसारख्या आधारास ताटी म्हणतात व छपरासारख्या आधारास मांडव. ताटीला सामान कमी लागते, जागा थोडी अडते, आणि दोन्ही बाजूंनी तोडणी करता येते. काकडी, कारले, चवळी, वाल व घेवडा यांना ती चांगली मानवते. उंची सहा फूट असावी व जमिनीपासून दोन, चार व सहा फुटांवर आडव्या तारा असाव्यात.

दुधी, दोडका, घोसाळे व पडवळ यांना मांडव अधिक योग्य. फळे खाली मोकळी लोंबतात, त्यामुळे ती सरळ वाढतात, त्यांना हवा लागते व मातीचा स्पर्श होत नाही. पडवळ सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकाला लहानसा खडा बांधण्याची जुनी युक्ती मांडवाखालीच साधते. तोंडली एकदा लावली की काही वर्षे टिकते. तिच्यासाठी एका हंगामाचा काटक्यांचा मांडव करणे म्हणजे दरवर्षी वेल मोडून पुन्हा उभारणे होय. तोंडल्याला पहिल्यापासूनच टिकाऊ मांडव हवा.

मांडवाची उंची साधारणतः साडेसहा फूट सांगितली जाते. परंतु परसातील भाजी बहुधा घरातील बाई तोडते. तिचा हात वर केला असता जेथवर सहज पोचतो, तीच त्या घरच्या मांडवाची खरी उंची समजावी. उंच मांडवावरील फळ वेळेवर दिसत नाही व तोडलेही जात नाही. ते वेलीवरच जून होते, आणि जून फळे राहिली की वेल नवी फळे कमी धरते.

जागा व दिशा

ताटी परसाच्या उत्तर कडेला, पूर्व-पश्चिम अशी घालावी. यात दोन हेतू साधतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व सावली उत्तरेस पडते. ताटी उत्तर कडेला असली की तिची सावली मेथी, पालक, वांगी यांच्या वाफ्यांवर पडत नाही. दुसरे असे की, पावसाळ्यातील वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. पूर्व-पश्चिम ताटीला तो पुष्कळसा लांबीच्या बाजूने जातो. तीच ताटी दक्षिणोत्तर घातली, तर पानांनी भरलेली ती भिंत शिडासारखी वारा अडविते व सगळा जोर मेढींच्या बुडाशी येतो.

मांडवाखालची जमीन रिकामी ठेवण्याचे कारण नाही. सावलीत अळू, आले व हळद चांगली येतात. उन्हाळ्यात वेल हिरवी असेल तर तिच्या सावलीला कोथिंबीरही घेता येते.

सामान कोठून मिळवावे

सामान शोधताना आधी घराभोवती पाहावे. मजबूत कुंपण, गोठ्याचे छप्पर, विहिरीकाठचा कठडा ही तयार आधारस्थाने होत. दुधीची वेल गोठ्यावर चढविणारे घर मांडवाचा खर्च वाचविते. मात्र कौले जुनी असतील तर फळ तोडण्यास वर चढण्याचा धोका पत्करू नये.

बांबू : मांडवाचे मुख्य सामान बांबू होय. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात, माणगा जातीचा भरीव बांबू मिळतो. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात मानवेल विपुल आहे. बेटातील बांबू निवडताना तीन वर्षे पुरी झालेला निवडावा. कोवळा बांबू चकचकीत हिरवा असतो व त्याच्या कांड्यांवर पांढरी भुकटी दिसते. पक्व बांबूचा रंग मंदावलेला असतो, सालीवर डाग दिसतात आणि कोयत्याच्या मुठीने ठोकले असता खणखणीत आवाज येतो. तोड पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात करावी. बांबूतील पिष्टमय अंशावर भुंगेरे जगतात व ते त्याचे पीठ पाडतात. हिवाळ्यातील तोडीत हा अंश कमी असतो. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवला व मग सावलीत वाळविला, तर तो अंश आणखी झिरपून जातो. विकत घेताना बुंध्याशी बारीक छिद्रे वा खाली सांडलेले पीठ दिसल्यास तो बांबू कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. गावात बुरूडकाम करणारा कारागीर असल्यास त्याला सोबत न्यावे. त्याची पारख सहसा चुकत नाही.

बांधावरचा बांबू तोडण्याविषयी शेतकऱ्यांच्या मनात अजूनही भीती आढळते. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू २०१७ साली वगळण्यात आला. त्यामुळे वनेतर जमिनीवर वाढविलेला बांबू तोडण्यास वा वाहून नेण्यास त्या कायद्याखालील परवान्याची गरज राहिलेली नाही. जंगलातील बांबूची गोष्ट वेगळी. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला असून, सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावी तो ग्रामसभेच्या नियमाप्रमाणेच घ्यावा.

तुराट्या व पऱ्हाट्या : तुरीची काढणी झाल्यावर उरणाऱ्या तुराट्या ताटीच्या भरणीस व चवळी-घेवड्याच्या आधारास उत्तम. त्या कोरड्या जागी रचून ठेवाव्यात. कपाशीच्या पऱ्हाट्यांबाबत मात्र सावध राहावे. पऱ्हाट्यांवर राहिलेल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढील हंगामात नव्या कपाशीवर जाते. म्हणून कापूस पिकविणाऱ्या गावात मांडवासाठी पऱ्हाट्या रचून ठेवू नयेत. परसातील दोन वेलींच्या सोयीसाठी शिवारातील कपाशी धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

निरगुडी व कारवी : ओढ्याकाठच्या निरगुडीच्या सरळ फांद्या काठ्यांच्या कामी येतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कारवीच्या काठ्या कुडासाठी वापरतात. तीच काठी ताटीलाही चालते. कारवी सुमारे सात वर्षांनी एकदा फुलते व नंतर वाळते. अशा वाळक्या काठ्या घ्याव्यात, मात्र राखीव वनात परवानगीवाचून तोड करू नये.

जिवंत मेढी : शेवगा, पांगारा व गिरिपुष्प यांच्या जाड फांद्या पावसाच्या आरंभी रोवल्या असता मुळे धरतात. पानमळ्यात वेलींना शेवगा, शेवरी, हदगा व पांगारा यांचाच आधार देतात. तोच धडा परसात गिरविता येतो. पहिल्या वर्षी या फांद्यांवर भार घालू नये. दुसऱ्या वर्षापासून त्या न कुजणाऱ्या मेढी ठरतात. फांद्या अधूनमधून छाटाव्या लागतात, आणि गिरिपुष्पाचा छाटलेला पाला हिरवळीचे खत म्हणून वाफ्यांत घालता येतो.

जुने लोखंड, दोऱ्या व जाळी : नाशिक व सांगलीकडील द्राक्षपट्ट्यात जुन्या बागा काढल्या की लोखंडी अँगल व तारा निघतात. तोंडल्याच्या कायम मांडवासाठी असे जुने सामान नव्या नळ्यांपेक्षा परवडते. दोऱ्यांपैकी सुतळी एका पावसाळ्यात कुजते, काथ्या ओलीत अधिक टिकतो. जेथे भार आहे तेथे काथ्या वा जस्ताचा मुलामा दिलेली तार आणि जेथे केवळ वेल चढवायची तेथे सुतळी वापरावी. सुतळी हंगामाअखेर वेलीसकट खतखड्ड्यात टाकता येते. प्लॅस्टिकची दोरी व जाळी कुजत नाही, हाच तिचा गुण व हाच दोष. जाळी वापरायचीच झाली तर ती जमिनीपासून फूटभर वर बांधावी, कारण जमिनीला टेकलेल्या जाळीत साप अडकतात. हंगाम संपताच ती गुंडाळून ठेवावी. तिचे तुकडे वैरणीत गेले तर जनावराच्या पोटात जातात.

नऊ बांबूंचा हिशेब

पहिल्या वर्षी मोठा पसारा मांडू नये. दहा फूट लांब व दहा फूट रुंद असा एक मांडव आणि दहा फूट लांबीची एक ताटी एका कुटुंबास पुरेशी आहे. त्यासाठी वीस फुटी नऊ बांबू लागतात. त्यांची काटणी पुढीलप्रमाणे करावी.

प्रत्येक बांबूचा बुंध्याकडील नऊ फुटांचा तुकडा कापावा. हे नऊ तुकडे मांडवाच्या मेढी झाले. त्यांपैकी चार कोपऱ्यांत, चार बाजूंच्या मध्यावर व एक मधोमध. शेंड्याकडील अकरा फुटांचे नऊ तुकडे उरतात. त्यांतील सहा मांडवावर आडवे जातात, तीन एका दिशेने व तीन दुसऱ्या दिशेने. राहिलेल्या तिघांना प्रत्येकी आठ फुटांवर कापले की ताटीच्या तीन मेढी मिळतात, व तीन फुटांचे जे तुकडे उरतात ते टोमॅटोच्या बुटक्या झाडांना काठ्या म्हणून लावावेत. काहीही वाया जात नाही.

मांडवावर दर फुटाला एक अशी दोन्ही दिशांनी वीण घालावी. बांबूंच्या जागा वजा जाता प्रत्येक दिशेस आठ दोऱ्या बसतात. एकूण एकशे साठ फूट दोरी होते. गाठींसाठी जादा धरून दोनशे फूट घ्यावी. चार कोपऱ्यांचे चार व ताटीच्या दोन टोकांचे दोन, असे सहा ताण आणि ताटीच्या तीन आडव्या ओळी यांना मिळून सव्वाशे फूट तार पुरते.

एवढ्या मांडवावर चारच वेली ठेवाव्यात. दोन दोडक्याच्या व दोन दुधीच्या लावल्यास पुरे. आठ वेली लावल्याने दुप्पट फळे येत नाहीत. पाने एकमेकांवर चढतात, आत हवा खेळत नाही व भुरी-केवड्यासारखे रोग लवकर पसरतात.

उभारणी

मांडव मे महिन्यात, वळिवाचा पाऊस पडून जमीन मऊ झाली की उभारावा. मेढीचा बुंधा खाली ठेवावा. वरचे टोक गाठीच्या लगत वर कापावे, म्हणजे पोकळीत पावसाचे पाणी साचत नाही. जमिनीत जाणारा दोन फूट भाग व त्याच्या वरचा अर्धा फूट यांना डांबर लावावे, किंवा तो भाग जाळावर वरवर भाजून काळा करावा. मेढ कुजते ती बहुधा जमिनीच्या पातळीशीच, म्हणून डांबर जमिनीवर थोडे आलेच पाहिजे. ताटीच्या मेढींनाही हेच करावे.

पहारीने दोन फूट खोल खड्डा घेऊन मेढ उभी करावी व भोवती माती आणि दगडगोटे थराथराने ठोकून बसवावेत. बांबूला खिळा मारू नये, तो चिरतो. सांधे दोरीने वा तारेने आवळून बांधावेत.

यानंतरचे काम बहुतेक नवशिके गाळतात. ते म्हणजे ताण देणे. मांडव पडतो तो बांबू मध्ये मोडल्यामुळे सहसा पडत नाही. चार वेलींवर प्रत्येकी आठ दुधी व दुधीचे वजन एक किलो धरले तरी भार बत्तीस किलोच होतो, आणि तो नऊ मेढींवर वाटला जातो. मात्र भिजलेली जमीन मेढीचे बूड सैल सोडते, भिजलेला पाला जड होतो, आणि वारा सगळा मांडव एका अंगाला ढकलतो. एक कोपरा कलला की बाकीचे त्याच्यामागे जातात. म्हणून प्रत्येक कोपऱ्यापासून बाहेरच्या अंगास चार फुटांवर दीड-दोन फुटांचा खड्डा घ्यावा, मोठ्या लांबट दगडाला तार दुहेरी गुंडाळून तो त्यात पुरावा, आणि तारेचे टोक कोपऱ्याच्या मेढीच्या माथ्याशी ताणून बांधावे. ताटीच्या दोन्ही टोकांनाही असाच ताण द्यावा. ताणाच्या तारेला एखादी पांढरी चिंधी बांधून ठेवावी, म्हणजे अंधारात कोणी अडखळत नाही.

पैसा तोकडा असेल तर मधली वीण जुन्या सुतळीची चालेल, आडवे बांबू थोडे बारीक चालतील. परंतु कोपऱ्याच्या चार मेढी व त्यांचे ताण यांत काटकसर करू नये.

मांडव तयार झाला की त्याची परीक्षा घ्यावी. दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरून तो हलवून पाहावा. माणसाच्या हाताने जो हलतो, तो श्रावणातील वाऱ्यापुढे टिकणार नाही. जेथे हलेल तेथे त्याच दिवशी माती ठोकावी व तार आवळावी.

वेल चढविणे

बी टोकल्यानंतर प्रत्येक आळ्याजवळ लहान खुंटी ठोकून तिच्यापासून मांडवापर्यंत एक सुतळी बांधावी. सुतळी खोडाला फासून बांधू नये. खोड जाड होते व फास त्यात रुततो. मुख्य वेल एकच ठेवून ती सुतळीवरून वर न्यावी, आणि ती मांडवावर पोचेपर्यंत खालच्या बगलफुटी काढीत राहावे. वर गेल्यावर मात्र फुटवे वाढू द्यावेत व चारही दिशांना पसरवावेत. टोमॅटो बांधताना काठी व खोड यांच्या मधोमध सुतळीला एक पिळा देऊन खोडाकडील फास सैल ठेवावा.

वेलभाज्यांची मोठी शत्रू फळमाशी. क्यू-ल्यूर गोळीचा सापळा टांगण्यास मांडव सोयीचा पडतो. किडलेली व गळलेली फळे मांडवाखाली पडू देऊ नयेत. ती रोज वेचून खोल पुरावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

मांडवाचे महत्त्व व्याख्यानाने पटण्यापेक्षा एक उभा मांडव दाखविल्याने अधिक पटते. गावातील शाळेच्या, अंगणवाडीच्या वा बचत गटाच्या परसबागेत मे महिन्यात एक नमुना मांडव गावकऱ्यांच्याच हातून उभारून घ्यावा. कापणी कशी केली, ताण कसा पुरला, हे त्या वेळी प्रत्येकाने पाहावे. दहा घरांनी एकत्र येऊन बांबूची एकच गाडी आणविली तर वाहतुकीचा खर्च वाटला जातो व निवडून माल घेता येतो. हे ठरविण्यास हिवाळा हाच योग्य काळ. जूनमध्ये ठरविणाऱ्यास बाजारात उरलेला, कोवळा व किडका बांबू महाग घ्यावा लागतो.

हंगाम संपल्यावर वाळल्या वेली उतरवाव्यात, तारा पुसून गुंडाळाव्यात, आणि प्रत्येक मेढीच्या बुडाशी चार बोटे माती उकरून सुरीचे टोक टोचून पाहावे. टोक सहज आत गेले तर ती मेढ पुढील पावसाळा काढणार नाही. ती आताच बदलावी. मांडवाची ही तपासणी दरवर्षी दिवाळीनंतर नेमाने होत गेली, तर पुढच्या श्रावणात वारा सुटलेल्या रात्रीही त्या घरची माणसे निर्धास्त झोपतील आणि सकाळी तोडणीची पाटी भरून घरात येईल.